नियंत्रित हवाई क्षेत्रात चुकून शिरल्यास काय करावे: कोकण किनाऱ्याने उडणाऱ्या खासगी वैमानिकांसाठी

मुंबईपासून तेरेखोलच्या खाडीपर्यंत किनारा धरून लहान विमान नेणे वरकरणी सोपे वाटते. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला सह्याद्री, मध्ये अरुंद पट्टी आणि दर काही मिनिटांनी एखादी खाडी, जलदुर्ग किंवा दीपगृह. इथे वाट चुकायला जागाच कुठे आहे, असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात या पट्टीवरचे आकाश फार दाटीचे आहे. उत्तरेला मुंबईचा विमानतळ आणि त्याला जवळजवळ खेटून जुहूची धावपट्टी, खाडीपलीकडे 2025 मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ, कुलाब्याला नौदलाचा हेलिकॉप्टर तळ, रत्नागिरीत तटरक्षक दल, त्याखाली 2021 मध्ये सुरू झालेले चिपी, 2023 च्या जानेवारीपासून वाहतुकीस खुले झालेले मोपा आणि नौदलाच्या ताब्यातील दाबोळी, अशी ही रांग आहे. चार-पाच वर्षांपूर्वी छापलेला नकाशा पुढ्यात ठेवून जो या मार्गाने निघेल, त्याच्या नकाशावर यांतले काही विमानतळ असणारच नाहीत.

नियंत्रित क्षेत्र म्हणजे ज्या हवेत उडण्यासाठी नियंत्रण कक्षाची मंजुरी घ्यावी लागते ती हवा. विमानतळाभोवतीचा कंट्रोल झोन जमिनीपासून सुरू होतो, तर त्यावर पसरलेले टर्मिनल क्षेत्र ठरावीक उंचीपासून वर असते; म्हणून एकाच गावावर 1000 फुटांवरून जाणारा वैमानिक बाहेर आणि त्याच्या डोक्यावरचा आत, असे घडू शकते. विमानतळांभोवतीचे हे क्षेत्र बहुतेक वर्ग डी मध्ये मोडते. तेथे नजरेच्या आधारे, म्हणजे व्हीएफआरने, उडणाऱ्यालाही आधी क्लिअरन्स, म्हणजे ही मंजुरी, घ्यावा लागतो आणि आत असेपर्यंत दुतर्फा रेडिओ संपर्क राखावा लागतो. मर्यादांचे आणि उंचींचे आकडे मी येथे मुद्दाम देत नाही. ते उड्डाणाच्या दिवशी लागू असलेल्या एआयपीमधून (हवाई माहितीच्या अधिकृत पुस्तिकेतून), तिच्या पुरवण्यांतून आणि नोटॅममधूनच (वैमानिकांसाठीच्या तात्कालिक सूचनांतूनच) घ्यावेत, लेखातून किंवा मित्राच्या आठवणीतून घेऊ नयेत.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे, कारण नवशिके आणि मुरलेले दोघेही त्यात अडकतात. फ्लाइट प्लॅन दाखल झाला, उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी क्रमांक मिळाला, हवाई संरक्षणाचा एडीसी क्रमांकही कागदावर उतरवून घेतला, म्हणजे सर्व परवानग्या मिळाल्या असे मानले जाते. हे क्रमांक आपली ओळख आणि आपला इरादा संबंधित यंत्रणांना कळवतात. नियंत्रित क्षेत्रात शिरण्याचा क्लिअरन्स मात्र हवेत असताना, त्या क्षेत्राच्या नियंत्रकाकडूनच, स्पष्ट शब्दांत मिळावा लागतो. नियंत्रकाने नुसते आपले नोंदणी-चिन्ह उच्चारून "स्टँडबाय" म्हटले, तर त्याने आपल्याला ऐकले एवढाच त्याचा अर्थ आहे. तोवर मर्यादेबाहेर घिरट्या घालाव्यात.

संशय आल्यानंतरची पहिली दोन मिनिटे

आपण कदाचित आत आलो आहोत असा संशय मनात आला, की तो खरा धरून वागावे. खात्री करून घेण्यासाठी त्याच दिशेने उडत राहून मांडीवर नकाशा उलगडत बसणे ही अगदी सर्रास होणारी चूक आहे. 90 नॉट वेगाचे विमान मिनिटाला दीड सागरी मैल कापते, म्हणजे नकाशाशी झटापट करण्यात गेलेल्या पाच मिनिटांत आपण आणखी साडेसात मैल आत गेलेले असतो.

सर्वप्रथम विमान उडवावे. हे वाक्य हास्यास्पद वाटेल, पण घाबरलेला माणूस नेमके तेच विसरतो: एका हातात फोन, दुसऱ्या हातात नकाशा, आणि पंख हळूहळू कलंडत चाललेले. पंख सपाट, उंची स्थिर, वेग नेहमीचा, एवढे जमले की ज्या वाटेने आलो त्या वाटेने परत वळावे. पाच मिनिटांपूर्वी आपण बाहेर होतो एवढे तरी नक्की ठाऊक असते. पुढे काय आहे ते ठाऊक नसते. सेकंदाला तीन अंशांचे नेहमीचे वळण घेतले, तर उलट फिरायला एक मिनिट लागते आणि 90 नॉटला त्या वळणाची रुंदी सुमारे एक सागरी मैल भरते. म्हणून वळण ज्या बाजूला विमानतळ आणि त्याची वाहतूक नाही त्या बाजूने घ्यावे, आणि वळण्याआधी त्या दिशेला मान वळवून नीट पाहून घ्यावे.

कोकणात ही मोकळी बाजू बहुधा समुद्राची असते, आणि तिथे दुसरा मोह आड येतो: सरळ पश्चिमेला निघून जावे, तिकडे कोण आहे! एका इंजिनाच्या विमानाने तसे करू नये. सेसना 172 सारखे विमान इंजिन बंद पडल्यास एक फूट उतरताना साधारण नऊ फूट पुढे सरकते, म्हणजे 2000 फुटांवरून, वारा नसताना, जेमतेम तीन सागरी मैल. त्यापलीकडे गेल्यास किनारा हाती लागत नाही, आणि लाइफ जॅकेट सीटखाली घडी घालून ठेवलेले असेल तर त्याचाही फारसा उपयोग होत नाही. शिवाय मुंबईच्या मुख्य धावपट्टीवरून पश्चिमेकडे झेपावणारी विमाने समुद्रावरच चढतात, त्यामुळे तिथले आकाश दिसते तितके रिकामे नसते.

उंचीबाबतचा नियम सोपा आहे: सांगितल्याशिवाय बदलू नये. रडारवर आपले विमान दिसताच नियंत्रक बाकीच्या वाहतुकीला आपल्या उंचीपासून दूर ठेवू लागतो. आपण मध्येच खाली डुबकी मारली किंवा वर चढलो, तर त्याचे सगळे गणित मोडते. खाली गेल्याने लपता येते हीही समजूतच आहे. उलट रेडिओच हरवतो, कारण त्याच्या लहरी सरळ रेषेत जातात: 1500 फुटांवर असताना त्यांचा पल्ला साधारण 48 सागरी मैल असतो आणि 500 फुटांवर तो 28 च्या आत येतो, मध्ये डोंगर आला तर त्याहूनही कमी. मोठे विमान डोक्यावरून गेलेले दिसले तर त्याच्या मागे आणि खाली राहू नये; त्याच्या पंखांच्या टोकांपासून सुटलेले हवेचे भोवरे मिनिटाला 300 ते 500 फूट या वेगाने खाली उतरतात आणि लहान विमान उलथवू शकतात.

रेडिओवर काय बोलावे

वळण सुरू असतानाच बोलायला सुरुवात करावी. ज्या फ्रिक्वेन्सीवर शेवटचा संवाद झाला तीच पहिली पसंती, कारण तिथला नियंत्रक आपल्याला ओळखतो. तिथे उत्तर नसेल तर त्या क्षेत्राच्या नियंत्रकाची, आणि तीही सापडत नसेल तर विनासंकोच 121.5 मेगाहर्ट्झ ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी. ती फक्त आग लागलेल्या विमानांसाठी असते असे समजू नये. वाट चुकलेले विमान हे तिचे रास्त गिऱ्हाईक आहे.

बोलणे असे असावे: "मुंबई कंट्रोल, व्हिक्टर टँगो" (भारतीय विमानांच्या नोंदणी-चिन्हातले व्हीटी) आणि पुढची आपली तीन अक्षरे, "सेसना 172, व्हीएफआर, अनशुअर ऑफ पोझिशन, पॉसिब्ली इनसाइड युअर एअरस्पेस, लास्ट नोन पोझिशन जयगड ॲट 0450, 2000 फीट, टर्निंग लेफ्ट टू हेडिंग 170, रिक्वेस्ट असिस्टन्स." यात 0450 ही यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ आहे, म्हणजे आपली सकाळची 10 वाजून 20 मिनिटे, गडबडीत घड्याळातली भारतीय वेळ सांगितली जाते आणि नियंत्रक साडेपाच तासांनी चुकीच्या जागी शोधू लागतो, तेव्हा कॉकपिटमधले एक घड्याळ कायम यूटीसीवर ठेवावे.

या संदेशातला सर्वांत महत्त्वाचा शब्द "अनशुअर" आहे, आणि तोच तोंडातून निघता निघत नाही. आपल्याकडे वैमानिक म्हटला की त्याला सर्व काही ठाऊक असलेच पाहिजे अशी एक भावना असते, शेजारी मेहुणा किंवा मित्र बसलेला असेल तर ती अधिकच तीव्र होते. माझे मत स्पष्ट आहे: आत शिरणे ही चूक असते, पण आत शिरल्याचे कळूनही गप्प बसणे हा निर्णय असतो, आणि नियंत्रकाला त्रास होतो तो या दुसऱ्या गोष्टीचा. बोलणाऱ्या विमानाला तो दोन वाक्यांत बाहेर काढू शकतो. न बोलणाऱ्या विमानाभोवती मात्र त्याला प्रवासी विमाने थोपवून धरावी लागतात, कारण हे विमान पुढच्या क्षणी काय करील याचा त्याला अंदाज नसतो.

क्षमायाचना रेडिओवर करत बसू नये. फ्रिक्वेन्सी इतरांचीही असते. नियंत्रक जे हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा), जी उंची आणि ट्रान्सपॉन्डरसाठी जो कोड देईल ते शब्दशः परत म्हणून दाखवावे आणि तसेच करावे. त्याने "आहे तसेच पुढे या" म्हटले, तर परत वळण्याचा आपला बेत सोडून पुढे जावे, कारण त्याला संपूर्ण चित्र दिसते आहे. सूचना कळली नाही तर "से अगेन" म्हणावे. अंदाजाने पाळलेली सूचना ही न पाळलेल्या सूचनेपेक्षा वाईट. मात्र त्याने सांगितलेल्या हेडिंगवर समोर ढग असेल आणि आपल्याला ढगात उडण्याचे प्रशिक्षण नसेल, तर तसे ताबडतोब सांगावे. तो आपल्या खिडकीतून पाहत नसतो.

ट्रान्सपॉन्डर बंद करू नये

ट्रान्सपॉन्डर म्हणजे रडारला आपला कोड आणि उंची आपोआप कळवणारे उपकरण. काही जणांच्या मनात येते की ते बंद केले तर आपण कोण ते कळणार नाही. हा विचार मनात येताच झटकावा. ट्रान्सपॉन्डरशिवायही प्राथमिक रडारवर विमानाचा ठिपका उमटू शकतो, फक्त त्याची उंची कळत नाही. आणि मोठ्या विमानातील टक्करविरोधी यंत्रणा, जिला टीकॅस म्हणतात, ती आपल्या ट्रान्सपॉन्डरच्या उत्तरावरच चालते. त्या उत्तरात उंची असेल तर ती त्या वैमानिकाला "वर जा" किंवा "खाली जा" असे सांगू शकते, उंची नसेल तर फक्त सावध करते, आणि ट्रान्सपॉन्डरच बंद असेल तर आपण तिच्या लेखी अस्तित्वातच नसतो.

याची किंमत कशी मोजावी लागते हे 31 ऑगस्ट 1986 रोजी अमेरिकेत दिसले. टॉरन्सहून निघालेले एक पाइपर आर्चर विमान लॉस एंजेलिसच्या नियंत्रित क्षेत्रात परवानगीशिवाय शिरले. त्याचा ट्रान्सपॉन्डर उंची सांगणारा नव्हता. सुमारे 6500 फुटांवर ते उतरणीला लागलेल्या एअरोमेक्सिकोच्या डीसी-9 विमानाच्या शेपटीला धडकले आणि सेरिटोस या वस्तीवर दोन्ही विमाने कोसळली. दोन्ही विमानांतील 67 आणि जमिनीवरील 15 माणसे दगावली. मोठ्या विमानतळांभोवती उंची सांगणारा ट्रान्सपॉन्डर आणि प्रवासी विमानांत टीकॅस सक्तीचे होण्यामागे हीच दुर्घटना प्रामुख्याने होती. त्या पाइपरमध्येही एक खासगी वैमानिक आणि त्याच्या घरची माणसे होती.

तेव्हा ट्रान्सपॉन्डर उंचीसह चालू ठेवावा आणि नियंत्रकाने दिलेला चार आकडी कोड लावावा. जुन्या, खटक्याच्या उपकरणावर आकडे फिरवताना 7500 वरून जाऊ नये याची काळजी घ्यावी, कारण तो अपहरणाचा कोड आहे. रेडिओ बंद पडला असेल तर 7600. कोणाशीच संपर्क होत नसेल आणि इंधन, हवामान किंवा अंधार यांमुळे प्रकरण हाताबाहेर जाऊ लागले असेल, तर 7700 लावण्यात काहीही कमीपणा नाही.

निषिद्ध क्षेत्र आणि लष्करी विमान

नकाशावर व्हीए या अक्षरांपुढे पी, आर किंवा डी असलेली क्षेत्रे वेगळी समजावीत: पी म्हणजे निषिद्ध, आर म्हणजे निर्बंधित, डी म्हणजे धोक्याचे. तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रासारख्या ठिकाणांवरून जाण्याची परवानगी मागण्याचाही प्रश्न नसतो. अशा क्षेत्रावर आपण आहोत असे लक्षात आले, तर आणखी आत जाऊ नये, त्याच्यावर असताना उतरणीला लागू नये, ताबडतोब कळवावे, आणि बाहेर पडून नियंत्रक सांगेल त्या विमानतळावर उतरावे.

आपल्याला अडवायला विमान आले, तर ते सहसा आपल्या किंचित वर, पुढे आणि डाव्या बाजूला येऊन पंख हलवते. याचा अर्थ "माझ्यामागून या" असा आहे. आपणही पंख हलवावेत, म्हणजे समजल्याची पोच मिळते, आणि मागोमाग जावे, 121.5 वर बोलण्याचा प्रयत्न चालू ठेवावा आणि दुसरा कोड सांगितला नसेल तर 7700 लावावा. ते विमान एकाएकी 90 अंशांहून अधिक वळून वर चढत निघून गेले, तर आपण मोकळे आहोत. त्यालाही पंख हलवूनच उत्तर द्यावे. एखाद्या विमानतळावर चाके खाली सोडून ते घिरट्या घालू लागले, तर तिथे उतरायचे आहे. या खुणांचा कागद विमानात असावा.

चूक होते तरी कशी

स्वतःचेच उदाहरण देतो. मे महिन्याचे शेवटचे दिवस होते, रत्नागिरी बाजूला टाकून मी उत्तरेकडे येत होतो आणि क्षितिज दुधात पाणी मिसळावे तसे झाले होते. माझा हिशेब 90 नॉटचा होता. राजपुरीची खाडी साधारण 80 सागरी मैलांवर, म्हणजे 53 मिनिटांनी दिसली पाहिजे, आणि ती दिसताच मंजुरी मागायची असे मी ठरवले होते. 54 व्या मिनिटाला खाडी दिसली. मी समाधानाने ती राजपुरी मानली, तिच्या मुखाशी असणारा जंजिरा मात्र कुठे दिसेना; धुरकटपणामुळे दिसत नसेल असे मी स्वतःला समजावले. मग दक्षिण तीरावर कारखाना दिसला, मुखाशी टेकडीवरून समुद्रात उतरत गेलेली तटबंदी दिसली आणि पोटात गोळा आला, कारण तो कोर्लईचा किल्ला होता, ती कुंडलिका होती आणि मी रेवदंड्यावर, ठरवलेल्या जागेपासून 15 मैल पुढे होतो. पाठीमागून 15 नॉटचा वारा होता, जो मी हिशेबात धरलाच नव्हता.

यातली खरी चूक वाऱ्याची नव्हती. अपेक्षित वेळी अपेक्षित आकाराची गोष्ट दिसली, की मन बाकीच्या विसंगती गिळून टाकते, ही होती. जंजिरा न दिसणे हीच मला मिळालेली सूचना होती. मोठमोठ्या विमानांच्या अनुभवी वैमानिकांचेही असे होते: 15 जुलै 1953 रोजी बीओएसी या ब्रिटिश कंपनीचे कॉमेट आणि 24 सप्टेंबर 1972 रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-8 सांताक्रूझचा मुख्य विमानतळ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले होते. म्हणून खाडी ओळखताना एक खूण कधीच पुरेशी मानू नये, दोन तरी जुळवाव्यात: बाणकोट असेल तर उत्तरेला हरिहरेश्वरची टेकडी, दाभोळ असेल तर दक्षिण तीरावर अंजनवेलचा वीज प्रकल्प, हर्णै असेल तर समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. एक जरी जुळली नाही, तरी जागा अनोळखी धरावी.

आडवा वाराही तितकाच फसवतो. दुपारी खारे वारे सुटले की 15 नॉटच्या आडव्या वाऱ्यात दुरुस्ती न करता उडणारे विमान वीस मिनिटांत पाच मैल जमिनीकडे सरकते; पहाटेच्या मतलई वाऱ्याचा जोर कमी असतो, पण तो उलट्या दिशेने ढकलतो. हवेच्या दाबावरून उंची दाखवणाऱ्या अल्टिमीटरची चूक छोटी असते, तरी टर्मिनल क्षेत्राच्या तळाला घासून उडणाऱ्याला ती पुरते: दाब प्रत्यक्षापेक्षा पाच हेक्टोपास्कलने कमी लावला असेल, तर आपण काट्यावर दिसते त्याहून साधारण 140 फूट वर असतो. जीपीएस वापरावाच, पण त्यातली माहिती दर 28 दिवसांनी बदलते हे लक्षात ठेवून ती निघण्यापूर्वी अद्ययावत करावी. क्षेत्राच्या कडेपासून बाजूने दोन मैल आणि उंचीत 200 फूट अंतर राखण्याची सवय मी त्या दिवसानंतर लावून घेतली.

उतरल्यावर

इंजिन बंद झाल्यावर आधी फोन करावा आणि चहा मग घ्यावा. नियंत्रकाने रेडिओवर फोन करायला सांगितले असेल तर लगेच, आणि सांगितले नसेल तरीही आपण होऊन करावा. फोन झाला की, चहाआधी, दहा मिनिटे काढून वही उघडावी आणि आठवते ते सर्व यूटीसी वेळेसह लिहावे: कुठे, किती उंचीवर, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर कोण काय बोलले, कोणता कोड लावला होता. जीपीएसवरील मार्गाची नोंद जपून ठेवावी, ती पुसू नये. नियंत्रण कक्षाकडे रडारचे आणि आवाजाचे मुद्रण असते आणि त्याच्याशी न जुळणारे कथन आपल्याच अंगाशी येते.

परवानगीशिवायचा प्रवेश ही डीजीसीएला, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, कळवण्याची घटना आहे. विमान क्लबचे असेल तर क्लबच्या मुख्य प्रशिक्षकाला त्याच दिवशी सांगावे आणि अहवाल त्याच्याबरोबर बसून लिहावा. अहवालात कारण लिहिताना "खराब दृश्यमानता" एवढ्यावर थांबू नये. माझ्या अहवालात मी तसेच लिहिले होते. प्रशिक्षकांनी तो परत केला आणि विचारले, "जंजिरा दिसला नाही तेव्हा घड्याळात किती वाजले होते, आणि तू रेडिओवर बोललास तेव्हा किती?" दोन्हींत चार मिनिटांचे अंतर होते. दुसऱ्या मसुद्यात ती चार मिनिटे लिहिली, तेव्हा त्यांनी सही केली.